इन्फ्रारेड फिल्मचा पहिला रोल: न दिसणाऱ्या उजेडाचा अंदाज कसा बांधायचा

इन्फ्रारेड फिल्म वापरताना खरी अडचण एकच असते. ज्या उजेडाने फोटो उमटतो तो डोळ्यांना दिसत नाही आणि लाइट मीटरलाही धड कळत नाही. बाकी कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, डेव्हलपर हे सगळं साध्या कृष्णधवल छायाचित्रणातलंच आहे. म्हणून ज्यांनी थोडेफार कृष्णधवल रोल काढले आहेत आणि शटर-अ‍ॅपर्चर हाताने जुळवायची ज्यांना सवय आहे, त्यांना हे जमण्यासारखं आहे. फिल्म कधीच हाताळली नसेल तर आधी साध्या फिल्मवर हात बसू द्या. ही फिल्म साध्या फिल्मपेक्षा महाग पडते, आणि निगेटिव्ह बिघडली तर ती इन्फ्रारेडमुळे बिघडली की आपल्या नेहमीच्या गोंधळामुळे, हे ओळखता यायला हवं.

खाली जे सांगितलंय ते पहिल्या रोलपुरतं आहे. या रोलकडून सुंदर फोटोंची अपेक्षा ठेवू नका. तुमचा कॅमेरा, तुमचा फिल्टर आणि तुमचा डेव्हलपर यांच्यासाठी एक्स्पोजरचा भरवशाचा आकडा मिळाला, की या रोलने आपलं काम केलं असं समजा.

फिल्मला नेमकं काय दिसतं

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तापमापी ठेवला आणि पारा चढला. अवरक्त किरणांचा शोध असा उष्णतेच्या वाटेने लागला, आणि बहुधा त्यामुळेच ‘इन्फ्रारेड फोटो म्हणजे उष्णतेचा फोटो’ हा समज आजही सुटत नाही. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेची तरंगलांबी १०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते. फिल्मची धाव ७०० च्या थोडी पुढे, फार तर ९०० पर्यंत. अंधाऱ्या खोलीत बसलेला माणूस या फिल्मवर उमटत नाही. फिल्मला लागतो तो सूर्याचाच उजेड, फक्त त्यातला आपल्याला न दिसणारा भाग.

या भागात जग वेगळं वागतं. पानातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतं, पण ७०० नॅनोमीटर ओलांडले की ते जवळजवळ पारदर्शक होतं. मग हा प्रकाश पानाच्या आत शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर पुन्हा पुन्हा विखुरतो आणि बराचसा बाहेर फेकला जातो. म्हणून पानं आणि गवत पांढरं येतं. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, तेव्हापासून याला ‘वुड परिणाम’ म्हणतात. रुंद, कोवळ्या पानांची झाडं सर्वांत उजळ दिसतात. सुचिपर्णी झाडं त्या मानाने मंद. हिरवा रंग दिलेलं दार मात्र काळपट येऊ शकतं, कारण रंगात हरितद्रव्य नसतं. दुसऱ्या महायुद्धात साध्या हिरव्या रंगाने झाकलेली ठिकाणं हवाई छायाचित्रांत याच फरकामुळे उघडी पडत.

आकाशाचं उलट. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळं दिसतं. इन्फ्रारेड फारच कमी विखुरतो, म्हणून निरभ्र आकाश गडद येतं. ढगांतले पाण्याचे थेंब सगळ्याच तरंगलांबी विखुरतात, त्यामुळे ढग पांढरेच राहतात आणि गडद आकाशावर ठसठशीत उठून दिसतात. पाणी काळं येतं. दूरच्या डोंगरांवरचा धुरकटपणा कमी होतो, पण दाट धुकं काही विरत नाही, कारण धुक्याचे थेंब मोठे असतात. माणसाची त्वचा गुळगुळीत, फिकट दिसते, ओठ रंग हरवतात आणि बुबुळं गडद होतात. काहींना हे आवडतं. ओळखीच्या कुणाचा असा फोटो काढणार असाल तर निकाल कसा येईल याची कल्पना त्यांना आधीच द्या.

फिल्म आणि फिल्टर: इथे घाई नको

नवशिक्यांचे सर्वाधिक पैसे वाया जातात ते या टप्प्यावर, म्हणून थोडं सविस्तर.

इन्फ्रारेड फिल्मला नुसता इन्फ्रारेड दिसत नाही. दृश्य प्रकाशही तितकाच दिसतो. फिल्टर न लावता फोटो काढला तर साध्या कृष्णधवल फिल्मसारखाच येतो. दृश्य प्रकाश अडवून पलीकडचा आत सोडण्यासाठी फिल्टर लागतो. प्रत्येक फिल्टरची एक सीमा असते, जिथून तो उजेड आत सोडू लागतो. प्रत्येक फिल्मचीही एक सीमा असते, जिच्यापुढे तिला काही दिसत नाही. फोटो उमटतो तो या दोन सीमांच्या मधल्या पट्टीत.

आता आकडे ठेवून पाहा. इलफर्ड एसएफएक्स २०० ही फिल्म साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंत पाहते. तिच्यावर ७२० चा फिल्टर लावला तर उरते ती अगदी अरुंद पट्टी. परिणाम मिळतो, पण सौम्य. रोलाय इन्फ्रारेड ४०० ची धाव ८२० पर्यंत आहे. त्याच फिल्टरने तिला पुष्कळ रुंद पट्टी मिळते आणि पानं खरोखर पांढरी होतात. याच फिल्मवर कुणी ८५० चा फिल्टर लावला, तर फिल्टर जिथून उघडतो त्याच्या आधीच फिल्म संपलेली असते. कितीही एक्स्पोजर द्या, निगेटिव्ह कोरीच. ‘फिल्टर जितका काळा तितका परिणाम जास्त’ हा सल्ला डिजिटल कॅमेऱ्यांसाठी ठीक असेल. फिल्मवर तो चालत नाही.

जुन्या लेखांत वाचलेल्या कृतींबद्दलही सावध राहा. त्यांतल्या बऱ्याच कोडॅकच्या हाय स्पीड इन्फ्रारेड, म्हणजे एचआयई या फिल्मसाठी लिहिलेल्या आहेत. ती ९०० नॅनोमीटरपर्यंत पाहायची, त्यामुळे साध्या लाल २५ नंबरच्या फिल्टरनेही तिच्यावर ठळक परिणाम यायचा आणि कॅमेरा हातात धरून फोटो काढता यायचे. २००७ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आजच्या फिल्मवर लाल २५ लावला तर आकाश गडद होतं, पण बहुतेक फोटो दृश्य तांबड्या प्रकाशानेच उमटतो आणि पानं पांढरी होत नाहीत. क्रोएशियात बनणारी एफके आयआर ८२० सुद्धा २०१२ मध्ये कारखान्याबरोबरच संपली. या बंद फिल्मचे जुने रोल अधूनमधून विकायला येतात. पहिल्या रोलसाठी ते घेऊ नका. इन्फ्रारेड फिल्म साध्या फिल्मपेक्षा लवकर शिळी होते, आणि धुरकट आलेल्या निगेटिव्हवरून तुम्हाला काहीच शिकता येणार नाही.

माझा सल्ला सरळ आहे: रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि ७२० नॅनोमीटरचा फिल्टर. होया आर७२ हा त्यातला सर्वांत ओळखीचा. कोडॅकच्या जुन्या रॅटन फिल्टर-क्रमांकांत तोच ८९बी. लेन्सच्या तोंडाच्या मापाचा फिल्टर घ्या, किंवा सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घेऊन बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावा.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. हा फिल्टर डोळ्यासमोर धरून सूर्याकडे पाहू नका. दृश्य उजेड अडल्यामुळे बाहुली मोठी होते, डोळा दिपत नाही, आणि न दिसणारा इन्फ्रारेड मात्र थेट दृष्टिपटलावर पोचतो. फिल्टर लावलेल्या एसएलआरच्या (ज्यात फोटोच्याच लेन्समधून पाहतात त्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरलाही हेच लागू.

तो गूढ उजाळा कुठून येतो

इन्फ्रारेड म्हटलं की अनेकांच्या मनात पांढऱ्या पानांभोवती पसरलेलं धूसर तेज असतं. पडक्या वाड्यांचे आणि दफनभूमींचे सायमन मार्सडेन यांचे फोटो पाहून कित्येक जण या फिल्मकडे वळले. हे तेज मुळात इन्फ्रारेडचं नसतं. साध्या फिल्मच्या पाठीमागे आरपार गेलेला उजेड शोषून घेणारा एक थर असतो. कोडॅक एचआयईला तो नव्हता. तीव्र उजेड फिल्ममधून पार जाऊन मागच्या दाबपट्टीवर आपटायचा आणि परत येऊन आजूबाजूला पसरायचा. याला हॅलेशन म्हणतात. रोलाय इन्फ्रारेडला तो थर आहे, त्यामुळे तिच्यावर पानं पांढरी येतात पण कडा स्वच्छ राहतात. पहिला रोल पाहून ‘तेज कुठे गेलं?’ असं वाटलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. धूसर करणारा आणखी एक फिल्टर लावून तो देखावा आणता येतो. मला तो कृत्रिम वाटतो, पण ज्याची त्याची आवड.

कॅमेरा तपासा

कॅमेरा शक्यतो पूर्ण यांत्रिक असावा. काही ऑटोमॅटिक कॅमेरे फिल्म किती पुढे सरकली हे मोजण्यासाठी आत इन्फ्रारेडचा बारीक दिवा वापरतात. कॅननच्या काही ईओएस मॉडेलांत अशी सोय आहे. या दिव्याने फिल्मची कड, कधी कधी फोटोचा भागही धुरकटतो. तुमच्या कॅमेऱ्यात तो आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहा. फिल्मच्या डबीचं नाव दिसावं म्हणून मागच्या दाराला काचेची खिडकी असेल तर तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा. १२० रोलच्या जुन्या कॅमेऱ्यांत आकडा पाहायला लाल खिडकी असते. तांबडा उजेड न दिसणाऱ्या जुन्या फिल्मसाठी ती ठीक होती, तुमच्या फिल्मला मात्र ती उघड्या खिडकीसारखीच. तिच्यावर पट्टी लावा आणि आकडा पाहण्यापुरती, तीही सावलीत, उघडा.

कॅमेऱ्याचा प्रकार निवडायला मिळत असेल तर रेंजफाइंडर किंवा दोन लेन्सचा कॅमेरा घ्या. त्यात तुम्ही फोटोच्या लेन्समधून पाहत नसता, म्हणून फिल्टर लावलेला असतानाही दृश्य स्वच्छ दिसतं. एसएलआरमध्ये फिल्टर लावला की समोर जवळजवळ काळोख, आणि प्रत्येक फ्रेमसाठी फिल्टर काढा-घाला करत बसावं लागतं. काम होतं, पण चिडचिड होते.

बाकी सामान थोडकंच: भक्कम ट्रायपॉड, केबल रिलीज, लेन्स हूड, हातातला लाइट मीटर किंवा फोनवरचं मीटरचं अ‍ॅप, आणि वही-पेन्सिल. वही ऐच्छिक नाही.

रोल भरताना

फिल्म फ्रीजमध्ये ठेवली असेल तर डबी न उघडता ती दोन-तीन तास बाहेर ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं. रोलाय इन्फ्रारेडचा पाया पॉलिएस्टरचा, पारदर्शक आहे. अशा पायातून उजेड फिल्मच्या बाहेर आलेल्या टोकापासून आत डबीपर्यंत वाहत जातो. म्हणून रोल भर उन्हात भरू नका. अंधारी खोली किंवा चेंजिंग बॅग उत्तम. ते नसेल तर घरात, पडदे ओढून, पाठ खिडकीकडे करून भरा, आणि डबीतून बाहेर काढल्यापासून कॅमेऱ्याचं दार बंद होईपर्यंत वेळ दवडू नका. रोल काढतानाही हेच.

पॉलिएस्टर फाटत नाही, हेही ध्यानात असू द्या. रोल संपल्यावर साधी फिल्म जोर लावला तर तुटते. ही तुटायच्या ऐवजी कॅमेऱ्याचे दाते मोडू शकते. लिव्हर अडला की थांबायचं.

एक्स्पोजर

डबीवर ४०० लिहिलेलं असलं तरी ते दृश्य प्रकाशासाठी आहे. ७२० चा फिल्टर लावल्यावर या फिल्मचा वेग साधारण पाच ते सहा स्टॉप उतरतो (प्रत्येक स्टॉपला निम्मा). ४०० चे २००, १००, ५०, २५, १२ आणि ६. म्हणजे फिल्टर धरून तिला १२ किंवा ६ आयएसओची फिल्म समजायचं. एसएफएक्स २०० वर हाच फिल्टर लावला तरी सुरुवात इथेच, १२ ते ६ च्या मध्ये.

मीटरवर आयएसओ ६ लावा, फिल्टर *न* लावता उजेड मोजा, आणि जे येईल ते कॅमेऱ्यावर बसवा. कॅमेऱ्यातल्या मीटरने फिल्टरमधून मोजू नका. त्या मीटरच्या सेन्सरला किती इन्फ्रारेड दिसतो आणि तुमच्या फिल्मला किती, यांचा एकमेकांशी संबंध नसतो. आकडा येतो, छान ठाम येतो, आणि तोच फसवतो. मीटर इतका खाली जात नसेल तर आयएसओ १०० वर मोजून चार स्टॉप वाढवा.

मीटर नसेल तरी चालेल. लख्ख उन्हात एफ/१६ वर शटर म्हणजे आयएसओचा व्यस्तांक, हा जुना नियम इथेही लागू पडतो. ६ साठी एफ/१६ वर १/६ सेकंद. एक स्टॉप उघडलं तर एफ/११ वर साधारण १/१५. आणखी एक, एफ/८ वर १/३०. ही झाली सुरुवात.

मीटरने सांगितलेला आकडा सगळीकडे सारखाच खोटा असता तर एकदा दुरुस्ती करून काम भागलं असतं. पण दृश्य उजेड आणि इन्फ्रारेड यांचं प्रमाण सतत बदलतं. सूर्य खाली उतरला की निळा भाग वाटेत विखुरून जातो आणि इन्फ्रारेडचं प्रमाण वाढतं, म्हणजे मीटर सांगेल त्याहून कमी एक्स्पोजर पुरतं. सावलीत उलटी गंमत. तिथे येणारा उजेड निळ्या आकाशाचा, ज्यात इन्फ्रारेड जवळजवळ नसतोच. डोळ्यांना आणि मीटरला सावली बऱ्यापैकी उजळ वाटते, फिल्मला ती काळी. म्हणून या फोटोंत सावल्या इतक्या गडद येतात. कृत्रिम दिव्यांमध्ये जुन्या पिवळ्या तापदीप्त दिव्यात भरपूर इन्फ्रारेड असतो, एलईडीत जवळपास शून्य. खोलीत एलईडी लावून फिल्मची चाचणी घ्यायला गेलात तर काही हाती लागणार नाही.

म्हणून पहिल्या रोलची बहुतेक दृश्यं लख्ख उन्हात, सूर्य बऱ्यापैकी वर असताना काढा. साध्या छायाचित्रणात आपण भर दुपार टाळतो. इथे तीच सोयीची. उजेड जास्तीत जास्त आणि तासातासाला कमीत कमी बदलणारा. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा, समोर नको.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा. पानांनी भरलेलं झाड, थोडं गवत, मोकळं आकाश आणि शक्य असेल तर एखादी दगडी भिंत एकाच चौकटीत येईल अशी जागा शोधा. भिंत का, ते निगेटिव्ह पाहताना कळेल. ट्रायपॉड लावा, चौकट ठरवा, फोकस करा (पुढे सांगतो), फिल्टरशिवाय उजेड मोजा, वहीत लिहा. मग फिल्टर चढवा. अ‍ॅपर्चर एफ/११ वर ठेवून तेच दृश्य पाच वेळा काढा: १/३०, १/१५, १/८, १/४ आणि १/२ सेकंद. अ‍ॅपर्चर बदलू नका, फक्त शटर. प्रत्येक फ्रेमचा क्रमांक, शटर, वेळ आणि ‘ऊन’ की ‘विरळ ढग’ एवढं लिहा. वाऱ्याने पानं हलली तर पुसट येतील. चाचणीत त्याची काळजी नको.

एवढं झालं की दुसरं दृश्य, पुन्हा पाच. ३५ मिमीच्या रोलमध्ये ३६ फ्रेम असतात, म्हणजे सात दृश्यं होतात. एखादं मुद्दाम सावलीतलं घ्या, एखादं दिवस कलल्यावरचं, एखादं पाण्याकाठचं. उरलेल्या एका फ्रेमवर फिल्टर न लावता, डबीवरच्या ४०० ने, साधा फोटो काढा. पुढे निगेटिव्ह बिघडलेली दिसली तर दोष धुण्यातला की एक्स्पोजरमधला, हे ती एक फ्रेम सांगेल.

एक सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू लागला की फिल्म उजेडाला कमी दाद देते. हिशोबाने दोन सेकंद आले तर तीन-चार द्या. पहिल्या रोलमध्ये शक्यतो तिथवर जाऊच नका.

फोकस

इन्फ्रारेड किरण लेन्समधून गेल्यावर दृश्य प्रकाशापेक्षा किंचित मागे एकत्र येतात. डोळ्यांना स्वच्छ दिसलेलं फोकस फिल्मसाठी थोडं चुकलेलं असतं. जुन्या लेन्सवर अंतराच्या मुख्य खुणेच्या बाजूला एक छोटा लाल ठिपका किंवा लाल रेघ असते, ती याचसाठी. नेहमीसारखं फोकस करा, मुख्य खुणेसमोर किती अंतर आलं ते वाचा, आणि तेच अंतर रिंग फिरवून लाल खुणेसमोर आणा. लेन्स जणू थोड्या जवळच्या वस्तूवर फोकस होते.

लाल खूण नसेल तर फार मनाला लावून घेऊ नका. ७२० च्या फिल्टरने आणि ८२० वर थांबणाऱ्या फिल्मने हा फरक लहानच राहतो, आणि एफ/११ वर तो खपून जातो. उघड्या अ‍ॅपर्चरवर किंवा लांब पल्ल्याच्या लेन्सने काढताना मात्र खूण पाळावीच लागते. ऑटोफोकस बंद ठेवा.

रोल धुताना

स्वतः धुणार असाल तर डेव्हलपर तुम्हाला सवयीचा असेल तोच घ्या. डी-७६ एकास एक पाणी घालून, किंवा रोडिनल १+५०, दोन्ही चालतात. रोडिनलने दाणा जास्त उठतो. वेळ फिल्मबरोबर मिळणाऱ्या तक्त्यातली, तापमान २० अंश सेल्सिअस, आणि पुढच्या प्रत्येक रोलला तेच. इन्फ्रारेडच्या दृश्यांत मुळातच कॉन्ट्रास्ट जास्त असतो, म्हणून टाकी जोरजोराने हलवू नका. दर मिनिटाला दोन-तीनदा शांतपणे उलटी करणं पुरे. आधी साध्या पाण्यात भिजवलं तर ओतून दिलेलं पाणी रंगीत निघतं. तो मागच्या थराचा रंग आहे, घाबरायचं कारण नाही.

फिल्म रीळावर चढवताना पूर्ण काळोख हवा. सेफलाइट नको, चमकणारं घड्याळ नको, आणि काही डार्करूममध्ये काळोखात पाहण्यासाठी असलेला इन्फ्रारेड चष्मा तर अजिबात नको.

रोल बाहेर धुवायला देणार असाल तर ‘ही इन्फ्रारेड फिल्म आहे, हाताने टाकीत धुवा’ असं डबीवरही लिहा आणि तोंडीही सांगा. काही यंत्रांत फिल्म पुढे सरकते आहे का हे पाहणारे सेन्सर इन्फ्रारेडवर चालतात.

स्कॅन करताना स्कॅनरची आपोआप धूळ काढणारी सोय बंद ठेवा. तीही इन्फ्रारेडनेच धूळ शोधते, आणि कृष्णधवल फिल्ममधली चांदी तो उजेड अडवत असल्यामुळे फोटोतले तपशीलच धूळ समजून पुसले जातात. हे सगळ्याच चांदीच्या कृष्णधवल फिल्मना लागू आहे.

निगेटिव्ह वाचणं

निगेटिव्ह वाळली की वही उघडा आणि लाइट टेबलवर पाच-पाचचा एकेक संच पाहा. पानं निगेटिव्हवर दाट काळी, आकाश विरळ, आणि भिंतीचा पोत दोन्हींच्या मध्ये शाबूत असलेली फ्रेम निवडा. भिंत इथे कामाला येते: पानं आणि आकाश ही दोन टोकं असल्यामुळे त्यांच्याकडे पाहून एक्स्पोजर ठरवता येत नाही, भिंत मात्र साध्या फोटोसारखीच वाचता येते. गडद सावलीत काही दिसत नसेल तर त्यासाठी एक्स्पोजर वाढवत बसू नका, कारण तिथे इन्फ्रारेड पोचलेलाच नसतो.

निवडलेल्या फ्रेमचा आकडा मीटरच्या आकड्याशी ताडून पाहा. एफ/११ वर १/१५ ऐवजी १/८ सरस निघाला, तर तुमच्यासाठी फिल्मचा वेग ६ नसून ३ आहे. १/३० सरस निघाला तर १२. हा आकडा इतरांच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. त्यांचा फिल्टर, शटर, डेव्हलपर वेगळा असतो. आता सावलीच्या आणि संध्याकाळच्या संचांत हीच निवड करा आणि तो आकडा किती स्टॉप सरकला ते लिहा. या तीन नोंदी पुढच्या कित्येक रोलना पुरतात.

काही बिघडलं असेल तर कारणं सहसा ठरलेली. पाचही फ्रेम कोऱ्या आणि फिल्टर नसलेली शेवटची फ्रेम ठीक: फिल्टरची सीमा फिल्मच्या पलीकडे आहे. फिल्टरवरचा आकडा पुन्हा वाचा. सगळ्याच फ्रेम, शेवटचीही, विरळ: धुण्यात गडबड. पानं आणि भिंत सारखीच दाट, वुड परिणाम नावालाही नाही: फिल्टर नुसताच लाल आहे, किंवा ढगाळ हवेत काढलं. रोलच्या सुरुवातीच्या फ्रेमवर कडेने पसरत आलेला काळा धुरकटपणा: रोल भरताना उजेड लागला. तोच धुरकटपणा भोकांच्या रांगेलगत एका ठरावीक अंतराने, पूर्ण रोलभर: कॅमेऱ्यातला मोजणीचा दिवा, कॅमेरा बदला. मध्यभागी उजळ गोल डाग: काही लेन्स इन्फ्रारेडमध्ये असा डाग देतात, आणि अ‍ॅपर्चर बारीक केलं की तो वाढतो. एफ/८ वर येऊन पाहा, नाहीतर दुसरी लेन्स लावा.

दुसऱ्या रोलला फिल्म, फिल्टर, डेव्हलपर काहीच बदलू नका. आता पाचाऐवजी तीन फ्रेम पुरतील: तुमचा आकडा, त्याच्या एक स्टॉप वर आणि एक स्टॉप खाली. ३६ फ्रेममध्ये बारा दृश्यं बसतात, त्यामुळे या वेळी चाचणीची भिंत सोडून आवडीची झाडं शोधायला हरकत नाही.